चुन्याची रेघ

सांबऱ्याची, म्हणजे बेळगावच्या विमानतळाची, धावपट्टी २,३०० मीटर लांब आहे. तिथे शिकणाऱ्या पोरांच्या छोट्या विमानांना तिचा पाव हिस्सासुद्धा पुरून उरतो. टेकतात, थोडं पळतात, पुन्हा थ्रॉटल लावून, म्हणजे इंजिनाला ताकद देऊन, उठतात आणि वळसा घालून परत येतात. बागलकोट रोडला काम निघालं की मी गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ हे बघतो. माझं लक्ष उडण्याकडे नसतं, टेकण्याच्या जागेकडे असतं. एखादं विमान पट्टीच्या सुरुवातीलाच टेकतं; पुढच्या फेरीला तेच विमान तीनशे मीटर पुढे जाऊन टेकतं. कुणाचं काही बिघडत नाही. पुढे इतकी पट्टी शिल्लक असते की तीनशे मीटरचा हिशेब कुणी मागतच नाही.

त्या पोरांना पुढे मोठी विमानं चालवायची आहेत, त्यांच्या वाटेला लांब पट्ट्याच येणार. त्यामुळे तक्रार करण्यासारखं यात काही नाही. पण मी ज्या जातीच्या, आखूड पट्टीवर चढ-उतार करणाऱ्या, विमानात शिकलो त्यात टेकण्याची जागा हाच अख्खा अभ्यासक्रम होता, म्हणून नजर तिथेच जाते.

उद्यमबागेत माझं पत्राकामाचं छोटं युनिट आहे. त्याआधी काही वर्षं नोकरीसाठी बंगळूरला होतो, आणि शनिवार-रविवार शहराबाहेरच्या एका मातीच्या पट्टीवर मायक्रोलाइट, म्हणजे अगदी हलकं दोन सीटचं विमान, चालवायला शिकलो. विमान होतं झेन एअर कंपनीचं सीएच ७०१. एनसीसीच्या हवाई शाखेकडेही हीच विमानं बरीच वर्षं होती, त्यामुळे जुन्या कॅडेटांना ‘झेन एअर’ म्हटलं की चटकन आठवेल. ख्रिस हाइन्ट्झ यांनी डिझाइन केलेलं हे विमान १९८६ साली पहिल्यांदा उडालं. दिसायला देखणं अजिबात नाही. मला मात्र पहिल्या भेटीतच आवडलं, कारण ते सगळं मला वाचता येत होतं.

अंगावरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, पंखावर तर अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. अंगठ्याने दाबलं की ‘टक्’ करून आत जातो आणि सोडला की बाहेर येतो. जोडकामाला ब्लाइंड रिव्हेट, म्हणजे आमच्याकडे पोरं दिवसभर गनने मारतात तेच पॉप रिव्हेट, फक्त विमानाच्या दर्जाचे. मागची दोन चाकं ज्यावर उभी, तो लँडिंग गिअर म्हणजे वाकवलेली एकच जाड पट्टी. शॉक अ‍ॅब्सॉर्बर नाही, तेल नाही, सील नाही. पुढच्या चाकाचा दणका झेलायला रबरी बंजी दोर. शेपटीवर स्थिर उभा पंखच नाही; नाक डावी-उजवीकडे वळवणारं रडरच अख्खं फिरतं. बिघडेल असं शक्यतो काही ठेवायचंच नाही, आणि बिघडलं तर माळावर बसून पान्याने दुरुस्त झालं पाहिजे, हा विचार त्यात जागोजागी दिसतो. दोन्ही सीटच्या मधोमध एकच दांडी, वर वायच्या आकारात फाकलेली; एक फाटा शिकणाऱ्याचा, एक शिकवणाऱ्याचा. सरांचा हात दांडीवर आहे की मांडीवर हे मान वळवून बघावं लागत नाही. हाताला कळतं.

खरी गंमत पंखाच्या पुढच्या कडेला आहे. तिथे पंखापासून बोट-दोन बोटं सोडून एक अरुंद पट्टी पंखाच्या लांबीभर बसवलेली असते. हा स्लॅट. साधा पंख साधारण पंधरा अंशांपुढे तिरका केला की वरच्या बाजूची हवा त्याला चिकटून वाहायची थांबते, उचल जाते आणि विमान खाली बसतं. तो स्टॉल. स्लॅटच्या फटीतून खालची हवा वेगाने वर येते आणि वरच्या सुस्तावलेल्या हवेला पुढे ढकलत राहते. त्यामुळे नाक कितीतरी जास्त, तीस अंशांच्या आसपास वर गेलं तरी पंख काम सोडत नाही. आणि तितक्या तिरक्या पंखाने फार कमी वेगात उडता येतं.

ही फट एका अपघातातून आली. १९१७ साली गुस्ताव लाखमान नावाचा तरुण जर्मन वैमानिक स्टॉल होऊन पडला आणि दवाखान्यात पडल्या पडल्या त्याने पंखाला फट ठेवायची कल्पना काढली. पेटंट कचेरीने ती आधी नाकारली. इंग्लंडात विमानं बनवणारे हँडली पेज स्वतंत्रपणे त्याच कल्पनेवर पोचले होते. शेवटी जर्मनीत गोटिंगेनला वाहत्या हवेचे मोठे शास्त्रज्ञ लुडविग प्रांड्टल यांनी चाचणी घेऊन लाखमानचं म्हणणं खरं असल्याचं दाखवलं, तेव्हा कुठे त्याला पेटंट मिळालं. पुढे याच प्रांड्टल यांच्या हाताखाली विष्णू माधव घाटगे शिकले. घाटगे म्हटलं की आमच्या निपाणी-कागल पट्ट्यात पुढचा प्रश्न येणारच, ‘कुठले घाटगे?’ तर हे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टचे घाटगे. १९५१ साली उडालेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान त्यांचं, १९५८ चं पुष्पक त्यांचं, १९५९ चं कृषकही त्यांचंच. पुष्पकला नव्वद अश्वशक्तीचं इंजिन आणि कापडाने मढवलेले पंख; देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत एक पिढी त्यावर शिकली. कृषक लष्कराकडे गेलं, तोफखान्यासाठी वरून टेहळणी करायला, आणि मिळेल त्या ओबडधोबड पट्टीवरून उडत राहिलं. आपल्या राज्यात, आपल्या माणसाने ही विमानं केली, आणि बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांना घाटगे हे नाव ऐकूनही माहीत नसतं. याचा मला दर वेळी राग येतो. असो.

आमचे सर हवाई दलातून निवृत्त झालेले, मूळचे धारवाडचे. माझ्याशी मराठी, कन्नड, हिंदी, ज्या घडीला जे तोंडात येईल ते बोलायचे. मातीच्या पट्टीवर त्यांनी चुन्याच्या दोन आडव्या रेघा मारून घेतल्या होत्या, मध्ये चाळीसेक मीटर अंतर. पहिल्या रेघेच्या अलीकडे टेकायचं नाही आणि दुसरीच्या पलीकडे टेकायचं नाही. दुसरी रेघ ओलांडली आणि चाकं अजून हवेत असली, तर पुढे कितीही पट्टी पडलेली असो, थ्रॉटल पूर्ण लावून वर जायचं. “पुढची पट्टी आपली नाही अप्पा,” ते म्हणायचे. “ती उडण्यासाठी. उतरायला एवढीच.”

रेघेवर उतरायचं तर आधी रेघेकडे बघायला शिकावं लागतं. उतरत असताना समोरच्या काचेत रेघ वर वर सरकायला लागली की समजायचं, आपण अलीकडे पडणार. खाली सरकायला लागली तर पलीकडे जाणार. काचेत ती जिथल्या तिथे राहून नुसती मोठी होत गेली, तर आपण बरोबर तिच्यावर चाललोय. कागदावर तीन वाक्यांचं काम आहे. प्रत्यक्षात वारा आहे, दुपारी नांगरटीवरून उठणारी गरम हवा आहे, आणि कधी ओल्या उसाच्या फडावर आलं की अचानक खाली बसवणारी थंड हवा आहे. रेघ काचेत जागेवर राहत नाही, तिला ठेवावं लागतं.

आणि ती ठेवायची कशी, इथे डोकं चक्रावतं. आपल्याला गाडीची सवय: वेग हवा तर अ‍ॅक्सिलरेटर. हळू उडणाऱ्या विमानात हे उलटं होऊन बसतं. एका मर्यादेच्या खाली आलं की जितकं हळू जाल तितकी जास्त ताकद लागते, कारण तिरका धरलेला पंख उचल देतो तशी मागे खेचणारी हवेची ओढही वाढवतो. म्हणजे नाक वर, वेग कमी, आणि इंजिन मात्र घोंघावतंय. अशा वेळी वेग ठरतो नाकाने आणि उंची ठरते थ्रॉटलने. आपण रेघेच्या अलीकडे पडतोय असं दिसलं की मन सांगतं, नाक उचल. नाक उचललं की वेग आणखी घटतो, ओढ आणखी वाढते, आणि विमान आणखी लवकर खाली जातं. नाक आहे तिथेच धरून थ्रॉटल थोडा वाढवायचा, हे उत्तर. डोक्याला ते एका संध्याकाळी पटतं, हाताला पटायला फार वेळ लागतो. सर शेजारून एकच कन्नड शब्द म्हणत राहायचे, “निधान, निधान,” म्हणजे सावकाश, आणि दांडीच्या त्यांच्या फाट्यावर नुसती दोन बोटं ठेवलेली.

हळू यायचं कशासाठी, याचं गणित मात्र सोपं आहे. थांबायला लागणारी जागा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग निम्मा केला की जागा चौथाई लागते. ताशी ५५ किलोमीटरला टेकणारं विमान समोरून २० चा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने ३५ ला टेकतं, आणि थांबायला निम्म्याहून कमी जागा घेतं. तोच वारा पाठीमागून असला तर ७५ ला टेकतं आणि जवळजवळ दुप्पट जागा खातं. वाऱ्याकडे पाठ करून आखूड पट्टीवर उतरू नये हे यासाठी. अलास्कात वाल्डीझला दर मे महिन्यात आखूड उतरण्याच्या स्पर्धा होतात. तिथले गडी वाऱ्यात तोंड खुपसून दहा-बारा फुटांत विमान उभं करतात. ते व्हिडिओ आमच्या पोरांनी मला इतक्या वेळा पाठवलेत की आता मी उघडतही नाही. त्यात शेवटचे पाच सेकंद असतात. त्याआधीचा अर्धा किलोमीटर, जिथे सगळं ठरतं, तो कुणी दाखवत नाही.

या जातीच्या विमानांबद्दल एक समज पक्का आहे की ती सोपी आणि सुरक्षित, चूक पोटात घालणारी. जमिनीवर ते खरं आहे. जाड टायर, वाकणारी पट्टी. दगडगोटे, खड्डे, काही मनावर घेत नाहीत. हवेत चित्र वेगळं आहे. वजन कमी आणि हवेची ओढ जास्त, त्यामुळे साठवलेला वेग म्हणून काही नसतो. चढावर सायकलचं पेडल मारायचं थांबवलं तर जे होतं तेच इंजिन थांबल्यावर होतं. एकदा नाक चांगलं वर धरून आम्ही चढत होतो, आणि सरांनी न सांगता थ्रॉटल मागे ओढला. आवाज गेला. मी वेगाच्या काट्याकडे बघितलं तेवढ्यात काटा अर्ध्यावर येऊन गेला होता आणि सरांनी दांडी पुढे ढकललेली होती. काचेत आकाश होतं तिथे अचानक फक्त लाल माती. मग वेग परत आला, त्यांनी थ्रॉटल दिला, आणि खाली उतरल्यावर चहा पिताना सांगितलं, की मोठ्या विमानात विचार करायला तीन-चार सेकंद मिळतात, यात आधी नाक खाली आणि मग विचार. सांबऱ्यावर कुठल्याही विमानाचं इंजिन चढताना मंद झाल्यासारखं वाटलं की माझा उजवा हात अजून आपोआप पुढे जातो. गाडीत बसलेला असतो तेव्हासुद्धा.

बेळगावात या विमानांचा विचार करायचा तर आधी उन्हाळ्याचा करावा लागतो. सांबरा समुद्रसपाटीपासून जवळजवळ अडीच हजार फूट उंच. प्रमाण हवेच्या कोष्टकात त्या उंचीला दहा अंश तापमान धरलेलं असतं. एप्रिलच्या दुपारी पारा असतो अडतिसाच्या आसपास. दर जास्तीच्या अंशाला सुमारे १२० फूट मिळवायचे. म्हणजे विमान उभं असतं अडीच हजारांवर, पण इंजिन, पंखा आणि पंख तिघांनाही हवा मिळते ती पावणेसहा हजार फुटांवरची, विरळ. जमिनीवरची धाव दर हजार फुटांना दहा-बारा टक्क्यांनी वाढते असा ढोबळ नियम आहे. जाहिरातीत लिहिलेले मीटर समुद्रकाठच्या थंड सकाळचे असतात. आपल्या दुपारी त्यात निम्म्याहून जास्त भर घालावी लागते. नेपाळात लुक्ल्याची पट्टी समुद्रसपाटीपासून ९,३०० फुटांवर आणि फक्त ५२७ मीटर. तिथे उताराने तारलंय. पट्टीच जवळजवळ बारा टक्के चढाची आहे. उतरायचं चढावर, उडायचं उतारावरून.

हे सगळं डोक्यात असल्यामुळे माळ दिसला की मी तो नजरेने मोजतो. ही खोड जात नाही. जांबोटीच्या अलीकडे मामांचा एक माळ आहे, जांभ्या दगडाचा, गवताळ, कडेला काजू. गेल्या उन्हाळ्यात तिथे बसलो असताना मामांनीच विषय काढला.

“तुझं त्ये इमान हितं उतरंल काय गा?”

नियमाने उतरवता येत नाही, हे मी आधी सांगितलं. नागरी विमान वाहतूक बघणाऱ्या डीजीसीएचे नियम आहेत, संरक्षण खात्याच्या परवानग्या आहेत, सांबऱ्याला हवाई दलाचं ठाणं आहे. मनाला येईल त्या माळावर उतरणं अलास्कात चालतं, आपल्याकडे नाही. मामांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कायदा ऱ्हाऊ दे बाजूला. उतरंल काय?”

मग आम्ही माळ चालत मोजला. पूर्व-पश्चिम दोनशे मीटर भरला, पश्चिमेकडे हलका चढ. पूर्वेला निलगिरीची रांग, पंधरा मीटर तरी उंच. गवतात दोन वारुळं निघाली, एक गुडघाभर. जांभ्याचे दात जागोजागी वर आलेले. गव्यांचं ताजं शेण होतं, म्हणजे पहाटे कळप येऊन गेलेला. खाली वाफ्यात कुणीतरी तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, शेत भाजत होतं, त्याचा धूर पूर्वेला पडत होता. वारा पश्चिमेचा. या भागात तो तसाच असतो, पण सह्याद्रीच्या माथ्यावरून घसरत येतो. जोर धरला की डोंगराच्या या बाजूला खाली दाबणारा आणि गिरक्या घेणारा होतो. धुराची रेघ जमिनीलगत सरळ होती, वर जाऊन तुटत होती. मामांना मी तो तुटलेला भाग दाखवला.

“निलगिरीवरनं यायचं,” मी म्हटलं, “म्हणजे झाडं ओलांडण्यातच पहिले नव्वद मीटर गेले. राहिले एकशेदहा. समोर वारा, समोर चढ. वारुळं काढली तर उतरेल.”

मामा खूश झाले. मग वळून पश्चिमेकडे बघितलं, तिथे माळाच्या टोकाला विजेची तार गेलेली. “आनि परत जाताना?”

नेमका हाच प्रश्न. उतरायला जी गोष्ट मदतीला येते तीच उडताना आडवी येते. वाऱ्याकडे तोंड करून उडायचं तर चढावर पळायचं आणि पुढे तार. उतारावरून पळायचं तर वारा पाठीमागे आणि पुढे निलगिरी. त्यात दुपार. पहाटे, थंडीत, वारा पडलेला असताना, एकटा माणूस कदाचित निघेल. दोघं नाही. जिथे उतरता येतं तिथून उडता येईलच असं नाही, आणि आखूड पट्टीचे बरेच अपघात जाताना होतात.

यावर मी मामांना ग्रान सास्सोची गोष्ट सांगितली. सप्टेंबर १९४३, इटलीतल्या डोंगरावरच्या हॉटेलात मुसोलिनीला कैदेत ठेवलेलं. जर्मनांनी त्याला सोडवलं आणि न्यायला फिझलर श्टोर्ख आणलं; लांब पायांचं, पंखाला स्लॅट असलेलं, आखूड उडणाऱ्या विमानांचा तो पणजोबाच. वैमानिक गेरलाख एकाला न्यायला तयार होता. पण स्कोर्त्सेनी नावाचा सहा फुटांहून उंच अधिकारी मीही येणार म्हणून हटून बसला. तिघं झाले. विमान कड्यापर्यंत दगडांवरून धडपडत गेलं, कड्याखाली कोसळलं, आणि दरीत वेग सापडल्यावर कसंबसं सावरलं.

“त्यो दांडगा खाली ऱ्हायला असता तर काय झालं असतं?”

“काही नाही. विमान नीट उडालं असतं.”

मामा थोडा वेळ काडीने दात कोरत बसले. मग वजनाचा हिशेब सुरू झाला. आपल्याकडे मायक्रोलाइटला सगळं धरून ४५० किलोची मर्यादा. रिकामं विमानच पावणेतीनशेच्या आसपास. उरले पावणेदोनशे. मी पंचाहत्तर, मामा ऐंशी. शिल्लक वीस किलो, त्यात जेमतेम पावणेदोन तास पुरेल एवढं पेट्रोल.

“आनि तांदळाचं पोतं?” मी दर वेळी बेळगावला परत जाताना पोतं नेतोच, त्यामुळे प्रश्न रास्त होता.

“पोतं न्यायचं तर तुम्ही नाही.”

“आनि मी आलो तर?”

“पोतं नाही.”

“मग जांबोटीची बस काय वाईट हाय?” मामा उठले, धोतर झटकलं. “दोघं बी जातो, पोतं बी जातंय. पोत्याला अर्धं तिकीट.”